खर्पुडीचे एक वर्ष: कोरड्या माळावरील रानफुलाचा अभ्यास कसा करावा

सह्याद्री ओलांडून पूर्वेला आले की घाटमाथ्यावरचा पाऊस झपाट्याने कमी होतो आणि वर्षाला जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर पावसावर जगणारा मुरमाड टेकड्यांचा आणि माळरानांचा प्रदेश सुरू होतो. मे महिन्यात या माळावर उभे राहिले तर वाळलेली कुसळी, मधूनमधून बोरी-हेकळीची काटेरी झुडपे आणि पायाखाली करकरणारा मुरूम एवढेच दिसते. त्याच मुरमात, बोट-दोन बोटे खोलीवर, चपटे गोल कंद झोपलेले असतात. पहिल्या दोन-तीन चांगल्या सरींनंतर त्यांतून दोऱ्याएवढा बारीक वेल वर येतो, झुडपाचा आधार घेतो आणि श्रावण-भाद्रपदात त्यावर कंदिलाच्या आकाराची, हिरवट-पांढरी आणि टोकाला गर्द जांभळी अशी इंचभर लांबीची फुले लागतात. ही खर्पुडी. काही ठिकाणी तिला पाताळतुंबडीही म्हणतात आणि हे दुसरे नाव तिच्या जगण्याशी अधिक प्रामाणिक आहे, कारण वर्षातले सात-आठ महिने ती पाताळातच असते.

शास्त्रीय नाव सेरोपेजिया बल्बोसा. सेरोपेजिया ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, लिनियसने १७५३ मध्ये नोंदवली आणि ग्रीक भाषेतील 'मेण' व 'कारंजे' या शब्दांवरून तिचे नाव ठेवले. बल्बोसा या जातीचे वर्णन विल्यम रॉक्सबर्ग याने १७९५ मध्ये केले. कासच्या पठारावरील सेरोपेजिया जैनीसारख्या तिच्या बहिणींची छायाचित्रे आपण नेहमी पाहतो, परंतु त्या भरपूर पावसाच्या, उंच पठारांवरच्या. खर्पुडी कोरड्या, निचऱ्याच्या, रेताड किंवा मुरमाड जागेची असून महाराष्ट्राबाहेर गुजरात-राजस्थानच्या रुक्ष भागांतही आढळते. ती अतिदुर्मिळ नाही आणि नेमके म्हणूनच ती अभ्यासाला सोयीची आहे. हौशी माणसाला घराजवळच्या टेकडीवर, एक दोरी, एक टेप आणि एक वही एवढ्या साहित्यात तिचे पर्यावरण समजून घेता येते. एकच अट आहे. कंद खणायचा नाही. पुढे दिलेली प्रत्येक कृती ही अट पाळून करता येण्याजोगी आहे.

मे: जागा आणि माती

पाऊस पडण्यापूर्वीच जागा निश्चित करावी. गेल्या वर्षी जिथे वेल पाहिली ती जागा उत्तम, तशी माहिती नसेल तर त्या माळावर रोज येणाऱ्या मेंढपाळाला किंवा गुराख्याला विचारावे. वनस्पतींच्या पुस्तकांपेक्षा हा मार्ग जवळचा ठरतो. "बाबा, इकडं खर्पुडी कुठं उगवते?" एवढे विचारल्यावर मला मिळालेले उत्तर असे होते: "त्या हेकळीच्या बुडाला बघा, उघड्यावरची शेरडं ठेवत नाहीत." या एका वाक्यात पुढच्या साऱ्या अभ्यासाचा प्रश्न दडलेला होता, हे मला बरेच नंतर कळले. जागा वनखात्याची किंवा अभयारण्यातील असेल तर लेखी परवानगी घ्यावी आणि खासगी असेल तर मालकाला सांगून ठेवावे.

१० मीटर बाय १० मीटरचा एक चौकोन आखावा. त्यात काही भाग उघडा आणि काही भाग झुडपांखालचा असला पाहिजे. चारही कोपऱ्यांवर लोखंडी खुंट्या ठोकण्यापेक्षा मोठे दगड रोवणे बरे, कारण खुंट्या चोरीला जातात. दगडांच्या खालच्या बाजूला रंगाचा ठिपका द्यावा.

माती तपासायची ती चौकोनाच्या बाहेर, पण त्याच उतारावरची घ्यावी. दोन मूठभर माती चाळून २ मिलिमीटरपेक्षा मोठे खडे वेगळे काढावेत आणि दोन्हींचे वजन लिहून ठेवावे, कारण आपल्या माळांवर खड्यांचे प्रमाण हीच पहिली महत्त्वाची नोंद असते. चाळलेली माती सरळ बाजूंच्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश भरून वर पाणी आणि चिमूटभर कपड्यांची पावडर घालावी, झाकण लावून पाच मिनिटे जोरात हलवावी आणि बरणी सपाट जागी ठेवावी. मिनिटभरात तळाशी बसतो तो वाळूचा थर, सुमारे दोन तासांत त्यावर बसतो तो पोयट्याचा आणि त्यानंतर दिवसभर सावकाश बसत राहते ती चिकणमाती. थरांची उंची पट्टीने मोजली की प्रमाण कळते. आपला खडक काळा बेसाल्ट असल्यामुळे नदीकाठासारखी शुद्ध वाळू इथे मिळणार नाही, परंतु कंदाच्या दृष्टीने मुरूम वाळूचेच काम करतो. पाणी थांबू देत नाही. मांसल कंदाला दुष्काळापेक्षा साचलेल्या पाण्याचे भय अधिक असते, कारण ओल थांबली की तो कुजतो. खर्पुडी पाण्यावाचून जगते म्हणून ती कोरड्या जागी आहे, असे म्हणणे अर्धेच खरे आहे. पाणी निघून जाते म्हणूनही ती तिथे आहे.

जून-जुलै: ओळख आणि नोंदणी

पाऊस सुरू झाल्यावर आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वारी, चौकोनात जावे. कोवळी वेल शोधण्यासाठी उभे राहून पाहण्याचा काही उपयोग नाही. झुडपाच्या बुंध्याशी उकिडवे बसावे लागते. पाने समोरासमोर, गुळगुळीत आणि थोडी मांसल असतात. त्यांचा आकार मात्र फसवा आहे. काही वेलींची पाने जवळपास गोल, तर काहींची गवताच्या पात्यासारखी अरुंद असतात आणि दोन्ही एकाच जातीच्या असू शकतात. आसपासच्या उतरण या वेलीशी गोंधळ होण्याची शक्यता असते, पण तिचे पान हृदयाच्या आकाराचे व लवदार असते आणि तोडल्यावर पांढरा चीक भळाभळा येतो. केसाळ पानांची हमण ही खर्पुडीचीच नातलग त्याच परिसरात असू शकते. फूल येईपर्यंत नोंदवहीत ओळखीपुढे प्रश्नचिन्ह ठेवावे आणि त्यात कमीपणा मानू नये.

आता खुणा करण्याविषयी. इथे मी पहिल्या वर्षी केलेली चूक सांगणे भाग आहे. प्रत्येक वेलीशेजारी मी लाल फीत बांधली होती आणि पंधरा दिवसांत सहा ठिकाणी फीत होती, वेल नव्हती, जमिनीत ताजा खड्डा होता. खर्पुडीचा कंद खाल्ला जातो. पोरे तो कच्चाही खातात, भाजूनही खातात. मी जणू पाटी लावून पत्ता दिला होता. त्यानंतर मी वेलीपाशी कोणतीही खूण करत नाही. चौकोनाच्या एका बाजूवरील दोन कोपऱ्यांच्या दगडांना 'अ' आणि 'ब' म्हणावे आणि प्रत्येक वेलीचे त्या दोन्हींपासूनचे अंतर टेपने सेंटीमीटरमध्ये मोजून लिहावे. दोन अंतरे माहीत असली की तीच जागा पुढच्या वर्षीही, वेल नसतानाही, वितभर वर्तुळात सापडते. 'वेल क्रमांक १७, अ पासून ४३२, ब पासून ७८५' ही नोंद चोराला निरुपयोगी आणि आपल्याला पुरेशी असते.

प्रत्येक वेलीसाठी वहीत पुढील गोष्टी लिहाव्यात: ती कोणत्या झुडपाखाली आहे की उघड्यावर, आधार कशाचा घेतला आहे, पानांच्या किती जोड्या आहेत, कळ्या, फुले व शेंगा किती, शेंडा खाल्लेला आहे का, आणि खाल्ला असल्यास सुबक कापलेला आहे की ओरबाडलेला. शेळीने खाल्लेला शेंडा फाटका दिसतो. अळीने खाल्लेल्या पानाच्या कडा कुरतडलेल्या असतात आणि खाली काळी विष्ठा पडलेली सापडते. बिबळ्या कडवा हे फुलपाखरू रुईप्रमाणेच खर्पुडीच्या कुळातील वेलींवरही अंडी घालते. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची आणि पाठीवर काळ्या शिंगांसारखे तंतू असलेली त्याची अळी दिसली तर ती उचलून टाकू नये. आपण बाग राखत नाही, नोंद ठेवतो आहोत. कोवळ्या देठांवर पिवळा मावा दिसला तर तोही तसाच राहू द्यावा आणि लिहावा.

झुडपाचा प्रश्न

उन्हाळ्यात मेंढपाळाने दिलेले उत्तर तपासून पाहण्याची वेळ आता येते. वेली झुडपांखाली अधिक आहेत, हे नुसत्या मोजणीने सिद्ध होत नाही. समजा चौकोनात ४० वेली सापडल्या आणि त्यांपैकी ३० झुडपांखाली आहेत. चौकोनाचा तीन चतुर्थांश भाग झुडपांनीच व्यापलेला असेल, तर ३० ही अपेक्षेइतकीच संख्या झाली आणि झुडपाचा काही विशेष नाही. झुडपे केवळ एक चतुर्थांश भागावर असतील, तर तिथे १० वेली अपेक्षित होत्या आणि ३० सापडल्या, म्हणजे तिप्पट. त्यामुळे आधी झुडपांचे क्षेत्र मोजावे लागते. त्यासाठी चौकोनात आरपार समांतर पाच दोऱ्या ताणाव्यात, प्रत्येक दोरीवर अर्ध्या-अर्ध्या मीटरवर २० खुणा कराव्यात आणि प्रत्येक खुणेशी काठी उभी धरून वर झुडूप आहे, गवत आहे की उघडी जमीन, हे लिहावे. एकूण १०० बिंदू होतात, त्यामुळे टक्केवारी आपोआपच मिळते.

झुडपाखाली वेली खरोखरच जास्त निघाल्या, तरी कारण अजून कळलेले नसते. तीन शक्यता राहतात. बी वाऱ्याने उडत येऊन झुडपातच अडकत असेल. बी सगळीकडे पडत असेल, पण उघड्यावरची रोपे उन्हाने करपत असतील. किंवा रोपे सगळीकडे टिकत असतील आणि उघड्यावरची शेळ्या-मेंढ्या खाऊन टाकत असतील. या तिन्हींतून निवड करायला महागडे साहित्य लागत नाही, केवळ वेळेवर जावे लागते. जुलैमध्ये बियांपासून उगवलेली इवली रोपे मोजावीत आणि सप्टेंबरमध्ये त्याच जागी पुन्हा मोजावीत. उघड्यावर रोपे मुळातच नसतील तर पहिली शक्यता बळावते. जुलैत होती आणि सप्टेंबरात नाहीत असे असेल तर दुसरी किंवा तिसरी. या दोघींत फरक करण्यासाठी उघड्यावरील काही रोपांभोवती तोडलेल्या बोरीच्या फांद्यांचे कडे करावे. काटे चराईपासून वाचवतात, सावली मात्र फारशी देत नाहीत. कड्यातली रोपे जगली तर दोष शेळीचा, कड्यातही करपली तर उन्हाचा. दुपारी दोन वाजता झुडपाखाली आणि उघड्यावर मातीत दोन बोटे थर्मामीटर खोचून तापमानही लिहून ठेवावे.

घाणेरीबद्दल एक सूचना. घाणेरी परकी आणि आक्रमक आहे, ती हटवावी हे खरे, पण वेली तिच्याच आधाराने चढलेल्या असतील तर भर पावसाळ्यात एका दिवसात सारी घाणेरी उपटल्याने त्या उघड्या पडतात. ते काम वेल सुकल्यावर करावे.

ऑगस्ट-सप्टेंबर: फुलाच्या आत

खर्पुडीचे फूल म्हणजे एक सापळा आहे आणि या अभ्यासातला सर्वांत रंगतदार भाग हाच. फुलाच्या तळाशी फुगीर कोठडी, तिच्यावर अरुंद नळी आणि नळीच्या तोंडावर पाच पाकळ्या, ज्यांची टोके एकमेकांना चिकटून पिंजऱ्याचे छत तयार होते. पाकळ्यांमधल्या पाच खिडक्यांतून चिलटे आत शिरतात. मधमाशी किंवा फुलपाखराचे हे फूल नव्हे. आतला पृष्ठभाग निसरडा असतो आणि नळीतल्या केसांची टोके खाली वळलेली असतात, म्हणून चिलट आत घसरते, पण वर चढू शकत नाही. बहुतेक सेरोपेजियांमध्ये साधारण एका दिवसाने केस कोमेजतात, ताठ उभे असलेले फूल कलते आणि कैद्याची सुटका होते.

कोठडीत नेमके काय घडते, हे पाहण्यासाठी ताजे फूल तोडण्याची गरज नाही. कललेले, कोमेजू लागलेले एखादे फूल सकाळी लवकर, चिलटे बाहेर पडण्याआधी, अलगद काढावे, लगेच छोट्या बाटलीत बंद करून घरी आणावे आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे, म्हणजे आतली चिलटे सुस्तावतात. मग पांढऱ्या कागदावर फूल आडवे ठेवून दाढीच्या नव्या पात्याने नळीपासून तळापर्यंत उभी चीर द्यावी आणि दहापट भिंगातून पाहावे. मध्यभागी पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकजीव होऊन झालेला बुटका स्तंभ दिसतो. रुईच्या फुलात असतो तसाच, फक्त फार लहान. त्याच्या भोवती परागपिंडांच्या, म्हणजे परागकण एकत्र चिकटून झालेल्या गोळ्यांच्या, पाच जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील दोन पिवळे पिंड एका तपकिरी चिमट्याला जोडलेले असतात. चिलट मधासाठी तोंड खुपसते तेव्हा तो चिमटा त्याच्या सोंडेला बसतो आणि पुढच्या फुलात तेच पिंड स्तंभावरच्या खाचेत अडकून तुटले की परागण होते. आत दोन-तीन मिलिमीटरचे चिलट सापडले तर त्याच्या तोंडाकडे नीट पाहावे. मोहरीच्या दाण्यापेक्षाही बारीक अशी पिवळी जोडी सोंडेला लटकलेली दिसली, तर त्या एका चिलटाने सारी यंत्रणा आपल्याला दाखवली असे समजावे. चिलटाची ओळख तज्ज्ञाकडून पटवायची असल्यास ते ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून वेलीचा क्रमांक व तारीख पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बाटलीतच टाकावी, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

चिलटे का येतात, याचे उत्तर बहुतांशी वासात आहे. आफ्रिकेतील सेरोपेजिया सँडरसोनीबद्दल २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की तिचे फूल जखमी मधमाशीसारखा वास सोडते आणि कोळ्याने पकडलेल्या मधमाश्यांवर जगणाऱ्या माशा फसून आत येतात. हा निष्कर्ष खर्पुडीला जसाच्या तसा लावू नये. आपण करू शकतो ते एवढेच की दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी फुलाला नाक लावून वास येतो का, आणि चिलटे कोणत्या तासाला घुटमळतात, हे लिहावे.

चिलटांवाचून शेंग धरते का, हे तपासण्यासाठी लग्नात खारीक-बदाम भरून देतात तसल्या बारीक जाळीच्या पिशव्या उपयोगी पडतात. जाळीची छिद्रे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा मोठी नसावीत, नाहीतर चिलटे सहज आत जातील. एका वेलीवरची एक कळी पिशवीत बांधावी आणि त्याच वेलीवरची दुसरी कळी नुसत्या दोऱ्याने खूण करून मोकळी सोडावी. अशा १० जोड्यांवरून काही निष्कर्ष काढू नये, कारण या कुळात मोकळ्या फुलांपैकीही थोड्यांनाच शेंगा लागतात. निदान ३० जोड्या हव्यात, म्हणजे दोन हंगामांचे काम आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: शेंग आणि म्हातारी

शेंगा बहुधा जोडीने, शिंगांसारख्या, बारीक व लांब येतात. एका फुलापासून जास्तीत जास्त २ शेंगा होतात, त्यामुळे मोजताना जोडीला एकच फळ धरावे. पिवळसर झालेल्या शेंगेवर तीच जाळीची पिशवी बांधावी, नाहीतर एका दुपारी ती तडकते आणि बिया निघून जातात. प्रत्येक चपट्या बीला रेशमी केसांचा झुपका असतो, आपण रुईच्या बोंडात लहानपणी पाहिलेली म्हातारीच ती. बिया मोजाव्यात आणि वाऱ्याच्या दिवशी दुपारी चौकोनाच्या मध्यावर उभे राहून २० बिया एकेक करून सोडाव्यात. प्रत्येक कुठे थांबते, गवतात, झुडपात, की नजरेआड, हे लिहावे. झुडपाच्या प्रश्नातली पहिली शक्यता या अर्ध्या तासात बऱ्यापैकी तपासून होते.

बिया घरी लावायच्या असतील तर एकूण बियांच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त आणू नयेत आणि कंद तर आणूच नये. दोन भाग जाड वाळू, एक भाग चाळलेला मुरूम आणि एक भाग कुजलेला पाला असे मिश्रण भोक असलेल्या कुंडीत भरून, बी आडवे ठेवून वर वाळूचा पातळ थर द्यावा. ताजे बी ओलावा मिळाल्यावर लवकर रुजते. पाने पिवळी पडू लागली की पाणी बंद करावे. नवशिक्यांच्या हातून कंद मरतात ते इथेच, वेल सुकली म्हणून दया येऊन पाणी घातल्यामुळे.

डिसेंबर ते मे: वेल नसताना

या काळात महिन्यातून एक फेरी पुरते. वणवा लागला का, कोणती झुडपे जळाली, साळिंदराने किंवा रानडुकराने उकरले का, नवे खड्डे पडले का, एवढे पाहावे. माझ्या चौकोनाचा एक कोपरा एका संस्थेच्या वृक्षारोपणासाठी खणलेल्या चरात गेला. माळ म्हणजे पडीक जमीन, असा समज असल्यावर दुसरे काय होणार! आता मी चौकोनाचा नकाशा आणि खर्पुडीचे छायाचित्र ग्रामपंचायतीत आधीच देऊन ठेवतो, म्हणजे निदान चराची रेषा आखताना कोणीतरी विचारते.

नोंदी आंतरजालावरील जैवविविधता नकाशांवर टाकताना नेमके स्थान झाकण्याचा पर्याय निवडावा. कंद खणणारे आणि दुर्मिळ वेलींचे संग्राहक दोघेही नकाशे वाचतात.

दुसऱ्या वर्षी काही क्रमांकांच्या जागी वेल येणार नाही. त्या लगेच 'मृत' लिहू नयेत. कंदवर्गीय वनस्पती एखादा हंगाम जमिनीखालीच काढू शकतात, त्यामुळे अशा नोंदीपुढे 'दिसली नाही' लिहावे. खड्डा दिसत नसेल आणि सलग तीन पावसाळे वेल आली नाही, तरच तो क्रमांक बंद करावा. माझ्या वहीत १७ क्रमांकाची वेल एक पावसाळा गैरहजर होती, पुढच्या जूनअखेर ती त्याच हेकळीच्या बुडाशी, 'अ' पासून ४३२ वर, पुन्हा उगवली.